पाणमांजराच्या बाजूने, माशाच्या बाजूने

३ सप्टेंबर

प्रिय आत्या,

फोन करू नकोस, पत्र लिही, असं तूच म्हणालीस. फोनवर मी नुसतं "हो, हो" करते आणि मागे कुणाशी तरी बोलत असते, ही तुझी तक्रार मला मान्य आहे. म्हणून हे पत्र. नदीकाठच्या एका दगडावर बसून लिहिते आहे. पाणमांजर दिसायची वाट बघताना हात रिकामेच असतात.

तुला वाटत असेल, मी इथे कॉलेजात शिकायला आले आहे. मलाही तसंच वाटत होतं. पण दुसऱ्या वर्षाला आल्यापासून माझ्याकडे तीन कामं आहेत, आणि शिक्षण हे चौथं.

पहिलं काम सरांचं. इथल्या नदीत कितीतरी वर्षांनी पाणमांजर परत आलंय. एक मादी आणि तिची पिल्लं. सर तिच्यावर संशोधन करतात, म्हणजे सर लेख लिहितात आणि मी काठाकाठाने फिरून तिची शी गोळा करते. सर त्या शीला 'नमुना' म्हणतात. नमुना चाळणीत धुवायचा, आतले काटे आणि खवले वेगळे करायचे आणि बाईसाहेबांनी काय खाल्लं ते लिहायचं. नाक मुरडू नकोस. ओल्या चहाच्या पुडीसारखा वास येतो, अगदीच वाईट नाही.

दुसरं काम मॅडमचं. याच नदीत पूर्वी एक बोटभर लांबीचा ठिपक्यांचा मासा असायचा. तो संपत आला तेव्हा मॅडमनी उरलेले थोडे आणून टाक्यांमध्ये वाढवले. आयुष्यातली मोठी वर्षं त्यात घातली. आता त्याच माशांची पिल्लं त्या नदीत सोडतात, आणि प्रत्येकाच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा टॅग बसवतात. हातातला स्कॅनर जवळ नेला की तो पिंग करतो आणि माशाचा नंबर दाखवतो. दर आठवड्याला जाळं टाकून किती मासे जगले ते बघायचं, हे माझं काम. उत्तर साधारणपणे 'एकही नाही' असं येतं.

तिसरं काम आम्हा विद्यार्थ्यांच्या मंडळाचं. लायब्ररीची नवी इमारत सगळी काचेची आहे. काचेत आभाळ दिसतं आणि पक्षी त्यात सरळ घुसतात. सकाळी इमारतीला चक्कर मारायची, खाली पडलेले उचलायचे, नोंद करायची. आम्ही कॉलेजला निवेदन दिलं. कॉलेजने तातडीने दखल घेऊन काचेच्या आतून 'पक्षी वाचवा' असं पोस्टर लावलं. बाहेरून ते दिसत नाही.

सर आणि मॅडमच्या खोल्या शेजारी शेजारी आहेत. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एका कपाटाच्या किल्लीवरून काहीतरी झालं होतं म्हणतात. दोघांकडे काम करणारी मी एकटीच, त्यामुळे "तिकडे सांग" आणि "पलीकडे विचार" हेही माझ्याकडेच.

तू आयुष्यभर बस डेपोत बसून गाड्यांची वेळापत्रकं बनवलीस. माझंही एक बनवून दे ना.

तुझी,
भिंगरी


१२ सप्टेंबर

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहायला नकोत.

वेळापत्रक सोबत पाठवते आहे. त्यात तुझ्या झोपेला जागा नव्हती, म्हणून सरांचे दोन फेरे कापले. जेवणाला जागा नव्हती, म्हणून मॅडमचा एक कापला. मेलेल्या पक्ष्यांना मी हात लावला नाही, ते आधीच उशिरा पोचलेले. तीस वर्षांच्या नोकरीत मला एकच गोष्ट समजली. एका गाडीला तीन मार्ग देता येतात, पण मग ती कुठल्याच थांब्यावर धड उभी राहत नाही. प्रवासी पळत येतात तोवर ही निघालेली. तू लहानपणी घरभर अशीच फिरायचीस म्हणून तर भिंगरी नाव पडलं. मला वाटलं होतं, वयाबरोबर वेग कमी होईल.

माझं छान चाललंय. चष्म्याचा नंबर वाढला असावा, अक्षरं जरा धुरकट दिसतात. तुझा बाबा म्हणतो, "आता एकटी कशाला राहतेस, इकडे ये." तुझ्या खोलीला रंग दिलाय म्हणे माझ्यासाठी. मी म्हटलं, बघू. माझ्या 'बघू'चा अर्थ तुझ्या बाबाला साठ वर्षांत कळलेला नाही. त्याला तो 'हो' असा ऐकू येतो.

त्या पाणमांजराची शी हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवून पत्र लिहीत जा.

आत्या


४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

वेळापत्रक भिंतीवर लावलंय. फार सुंदर आहे. वाचायला वेळ मिळत नाही.

आधी हलकं सांगते. सापडलेले पक्षी पिशवीत घालून गोठवून ठेवावे लागतात. प्रयोगशाळेतल्या फ्रीजची किल्ली त्या प्रसिद्ध कपाटात आहे, त्यामुळे मी ते वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ठेवले, मटारच्या मागे. वॉर्डनबाईंनी मटार काढायला हात घातला. त्या किंचाळल्या नाहीत. नुसत्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मुली, तुझ्या घरी सगळं ठीक आहे ना?"

आता जड. हे कुणालाही सांगितलेलं नाही.

परवा दुपारी प्रयोगशाळेत बसून नमुने धूत होते. मॅडमचा स्कॅनर त्याच टेबलावर होता, तो बंद करायला मी विसरले होते. मी चाळणी उचलून बाजूला ठेवली आणि स्कॅनर पिंग झाला.

मला वाटलं, बिघडला. चाळणी लांब नेली, गप्प. जवळ आणली, पिंग. मग चिमट्याने काटे बाजूला केले. खाली तांदळाचा दाणा.

आत्या, मॅडमचे मासे सरांचं पाणमांजर खातंय. मी सकाळी बादलीतून नदीत सोडते आणि आठवड्याने काठावरून पिशवीत भरून परत आणते. गेल्या दोन दिवसांत जुने नमुने पुन्हा स्कॅनरखाली धरले, तर आणखी काही दाणे मिळाले.

आता मी काय करू? मॅडमना सांगितलं तर त्या सरांच्या जनावराविरुद्ध उभ्या राहतील. नदीवरचा बंधारा सांभाळणाऱ्या पाणीपुरवठा खात्याला ते जनावर तसंही नकोच आहे. माशांना धोका असं कागदावर आलं, की ते पिंजरा लावून तिला दुसरीकडे नेतील. तिची पिल्लं अजून तिच्या मागे मागे पोहतात. मी तिला एकदाच पाहिलं, तेही पाठमोरं. पण पाहिलं ना. आणि नाही सांगितलं, तर मॅडम वर्षानुवर्षं मासे वाढवून तिला जेवायला घालत राहतील.

वाचता वाचता हसू नकोस. लवकर उत्तर दे.

भिंगरी


१३ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

तुझे पत्र मिळाले. मजकूर समजला.

माझा सल्ला असा की, गप्प राहावे. डेपोत दोन विभाग शेजारी असले की एकाची भानगड दुसऱ्याला सांगू नये. सांगणाऱ्याचीच बदली होते. तू विद्यार्थिनी आहेस. तुला दोघांकडून शिफारसपत्र हवे आहे. मासे काय, पुन्हा होतील. पाणमांजर पोट भरले की आपोआप दुसरीकडे जाईल. जी गोष्ट सांगितल्याने कुणाचेच भले होत नाही, ती आपल्याजवळ ठेवायला शिकावे. मीही शिकले आहे.

प्रकृती उत्तम आहे. काळजी नसावी. वळणावर वेग कमी ठेवावा आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखावे.

तुझी आत्या


३० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं अक्षर किती सुधारलंय! सरळ, ठसठशीत, एकही खाडाखोड नाही. नवा चष्मा फळला म्हणायचा. भाषाही एकदम सरकारी झाली आहे.

तुझा सल्ला मानला. गप्प राहिले. ते किती छान जमलं, ते ऐक.

आमची परिसंस्था या विषयाची चाचणी झाली. शिकारी आणि शिकार यांचं नातं उदाहरणासह स्पष्ट करा, असा प्रश्न होता. माझ्याकडे जगातलं सगळ्यात ताजं उदाहरण, अगदी धुऊन पुसून डबीत ठेवलेलं. ते लिहिता येईना, म्हणून पुस्तकातलं सिंह आणि हरीण लिहिलं. सरांनीच पेपर तपासले. मी नापास. शेवटी लाल शाईत शेरा आहे, "प्रत्यक्ष अनुभवाचा अभाव जाणवतो." पेपर हातात आला तेव्हा माझ्या बुटांवर नदीचा चिखल होता.

पण हे सांगायला लिहीत नाहीये.

मॅडम गेल्या आठवड्यात मला टाक्यांपाशी घेऊन गेल्या. माशांना खाणं टाकलं. मग म्हणाल्या, "मला वाटतं, टॅगच त्यांना मारतो आहे. एवढासा मासा, त्याच्या पोटात आपण खडा घालतो. पाणी चांगलं, खाणं आहे, मग जाळ्यात एकही येत नाही तो का? माझीच चूक आहे ही. दुसरं कारणच दिसत नाही."

मी टाकीतले मासे बघत राहिले. खिशात त्या दाण्यांची डबी होती.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. आत्या, त्यांनी मला विचारलं. चार वाक्यांत सगळं सांगून झालं असतं. मी म्हटलं, "असेलही, मॅडम."

दुसऱ्या दिवशी त्यांनी या वर्षातले शेवटचे सगळे मासे टॅग न लावता नदीत सोडले. बादलीची एक बाजू त्यांच्या हातात, दुसरी माझ्या. सोडताना त्या माशांना "जा" म्हणाल्या, अगदी हळू. मला ऐकू आलं हे त्यांना कळलं नाही.

आता त्या टाक्या रिकाम्या करून वर्गखोलीला जागा द्यायची म्हणताहेत. पाणमांजर पोट भरून दुसरीकडे गेलेलं नाही. पिल्लं जाड झाली आहेत.

मला सांग, मी गप्प राहून नक्की कुणाचं भलं केलं?

भिंगरी


६ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. हो, वाचून घेतलं. मला वाचता येत नाहीये. एका डोळ्यावर पट्टी आहे, दुसऱ्याने सगळं धुरकट दिसतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता घाबरू नकोस, झालं आणि नीट झालं. त्याआधीही सगळं इतकं धूसर झालं होतं, की मागचं पत्रही मी सांगितलं आणि दुसऱ्या कुणी लिहिलं. ते सुंदर अक्षर माझं नाही. इतक्या बारकाईने काठावरच्या खुणा शोधणाऱ्या पोरीला आपल्या आत्याचं अक्षर बदललेलं दिसलं, आणि तिने मला शाबासकी दिली!

(नमस्कार. अक्षर माझे आहे. मागच्या पत्रातले वळणाचे आणि अंतराचे वाक्य मी स्वतःहून घातले होते. बाकी सल्ला सर्वस्वी बाईंचा. तो मला तेव्हाच पटला नव्हता. — लेखनिक)

हे काय लिहिताय? मी सांगते तेवढंच लिहा.

(लिहितो आहे.)

हे आमच्याच डेपोतले ड्रायव्हर. सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणतात. मी खुर्चीवर होते तेव्हा माझ्या वेळापत्रकांवर सगळ्यात जास्त तक्रारी याच माणसाच्या यायच्या. निवृत्तीनंतर दवाखान्यात भेटले, डोळे तपासायच्या रांगेत. तिथेही नंबर चुकीचा लावलाय म्हणून भांडत होते.

(नंबर चुकीचाच लावला होता.)

तेव्हापासून येतात. भाजी चिरतात. मला पेपर वाचून दाखवतात आणि मधल्या बातम्या गाळतात. आम्ही नोंदणी करून लग्न करायचं ठरवलंय. झालं, सांगितलं. या वयात असलं काही लिहायचं, म्हणजे लिहिणाराच समोर बसलेला बरा, माझा लाजलेला चेहरा तुला दिसत नाही.

(मला दिसतो आहे.)

तुझ्या बाबाला अजून काहीच माहीत नाही. ना ऑपरेशन, ना हे. तो रंगवलेल्या खोलीत माझा पलंग टाकून बसलाय. सांगितलं तर दुखावेल. म्हणून मी गप्प आहे आणि तुलाही तोच सल्ला दिला. अजूनही तोच देते. बादली सोडून झाली, आता सांगून काय उपयोग?

(उपयोग आहे. टाक्या अजून रिकाम्या झालेल्या नाहीत. गाडी चुकीच्या रस्त्याला लागल्याचे कळले, की पहिल्या जागी वळवावी. पुढे मोठा चौक येईल म्हणून थांबू नये. पोरी, जाऊन सांग. बाई माझ्या हातातून पेन ओढत आहेत, पण पट्टीमुळे त्यांना ते सापडत नाही.)

आत्या
(आणि लेखनिक)


१९ नोव्हेंबर

प्रिय आत्या, आणि ड्रायव्हरसाहेब,

आधी भांडते. ऑपरेशन होऊन जातं आणि मला नंतर पत्राने कळतं? मी आले असते. खरंच आले असते का, ते आता कुणालाच कळणार नाही, आणि त्याचाच मला राग आलाय. माझं वेळापत्रक तूच बनवलंस, त्यात तुझ्यासाठी एक रकाना ठेवायचा होतास.

लग्नाचं वाचलं तेव्हा मी लायब्ररीपाशी होते. इतक्या मोठ्याने हसले की पहारेकरी बघायला आला. मला फार फार आवडलं. भाजी चिरणारा माणूस मलाही शोधून ठेव.

आणि मी सांगितलं.

दोघांना वेगवेगळं सांगायचं धाडस नव्हतं, कारण ज्याला आधी सांगेन त्याची बाजू घेतली असं होणार. म्हणून सरांना म्हटलं, मॅडमनी बोलावलंय, आणि मॅडमना म्हटलं, सरांनी बोलावलंय. निरोप पोचवायचं काम माझ्याकडेच असल्यामुळे कुणाला शंका आली नाही. दोघं प्रयोगशाळेत आले, टेबलाच्या दोन टोकांना उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले.

मी डबी उघडली, स्कॅनर चालू केला. पिंग.

"हे कुठे मिळालं?" मॅडमचा आवाज एकदम बारीक झाला.

"सरांच्या नमुन्यात."

सर पांढरे पडले. मॅडम काही बोलायच्या आत म्हणाले, "हे बघा, तिची पिल्लं लहान आहेत. खात्याला कळवायच्या आधी निदान..."

"गप्प बसा हो जरा," मॅडम म्हणाल्या. किल्लीनंतर त्यांचे एकमेकांशी हे पहिले शब्द. त्यांनी स्कॅनर माझ्या हातातून घेतला, नंबर बघितला. पुन्हा बघितला. मग स्टुलावर बसल्या. मला वाटलं, आता रडतील.

त्या हसत होत्या. "गेल्या वर्षीचा आहे हा. अगं, आकडे बघ, सुरुवातीचे. गेल्या वर्षी सोडलेला! आणि तू कधी उचललास?"

"सप्टेंबरच्या शेवटी."

"म्हणजे वर्षभर जगला. नदीत, स्वतःच्या जिवावर, वर्षभर! जाळ्यात नाही आला, कारण आपल्याला जाळं कुठे टाकायचं ते कळत नाही. तिला कळतं." आणि सरांकडे वळून, "तुमच्या बाईला माझे आभार सांगा."

मी सगळे दाणे एकेक करून स्कॅनरखाली धरले. बहुतेक गेल्या वर्षीचे. मी ते नंबर कधी पडताळून पाहिलेच नव्हते. मला भीती वाटत होती, की त्यातून काहीतरी सिद्ध होईल.

मग मॅडमनी विचारलं, "पहिला कधी मिळाला तुला?"

मी तारीख सांगितली. त्यांनी मनात हिशेब केला. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आपण बादली सोडली, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आता ते मासे जगले तरी कधी कळायचं नाही. टॅग नाहीत ना त्यांना." ओरडल्या नाहीत. वॉर्डनबाईंसारखी माझ्या घरची चौकशीही केली नाही. उठून टाक्यांकडे गेल्या. टाक्या राहणार आहेत. त्या मासे पुन्हा नदीत सोडणार आहेत. पण ती एक तुकडी आता नदीत कुठेतरी आहे किंवा नाही, ते कधीच कळणार नाही, आणि तेही माझ्यामुळे.

सर आणि मॅडम आता मिळून लेख लिहिताहेत. 'शिकारी प्राण्याच्या साहाय्याने दुर्मीळ माशाची गणना' असं काहीतरी. मासा बंधाऱ्याच्या वर पोचलाय की पाणमांजराने खालून खाऊन वर नेलाय, यावर रोज भांडतात. भांडायला एकमेकांच्या खोलीत जातात, दार उघडं असतं. माझं नाव आभारात आहे, स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीच्या खाली.

आत्या, बाबाला सांग. मी उशीर केला, तू करू नकोस. सांगितल्यावर काय होतं ते आपण उगाच आधीच ठरवून बसतो.

भिंगरी


२८ नोव्हेंबर

भिंगरे,

पट्टी कधीच निघाली, आता नवा चष्माही आला. हे अक्षर माझं आहे, म्हणून वेडंवाकडं आहे. हाताला सवय राहिली नाही.

तुझं ऐकून तुझ्या बाबाला बोलावलं आणि सांगितलं. तुझ्या मॅडम हसल्या. तुझा बाबा हसला नाही.

ड्रायव्हरसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चहा केला. तुझा बाबा बसला, सगळं ऐकून घेतलं. लग्नाचं ऐकताना कपाळावर आठीसुद्धा नव्हती, मला वाटलं, सुटले. मग मी ऑपरेशनचं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुला दवाखान्यात कुणी नेलं?" मी ह्यांच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "सही कुणी केली कागदावर? नातेवाईक म्हणून?" मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. तो म्हणाला, "मी तुझ्या खोलीला दोन हात रंग दिला. एक दिला तर जुना दिसत होता." आणि उठला. चहा तसाच. ड्रायव्हरसाहेब दारापर्यंत गेले, तर त्यांना म्हणाला, "तुमची काही चूक नाही." ते त्यांना शिवीपेक्षा जास्त लागलं.

आता फोन उचलत नाही. तुझी आई उचलते आणि तो अंघोळीला गेलाय म्हणते. इतक्या अंघोळी त्याने जन्मात केल्या नसतील.

तुझ्यावर राग नाही. सांगायलाच हवं होतं, फक्त फार आधी. तू काही आठवडे उशीर केलास आणि तुझे मासे गेले. मी काही महिने केला.

दहा डिसेंबरला नोंदणी आहे, सकाळी. साक्षीदार हवेत. दोन डेपोतले येतील. तिसरी तू होशील का? तुझ्या वेळापत्रकात बसत असेल तरच. माझ्याकडचे लोक म्हणून कुणीतरी असावं, एवढंच.

आत्या


४ डिसेंबर

प्रिय आत्या,

दहा तारखेला सर आणि मॅडमचा लेख मोठ्या परिषदेत वाचला जाणार आहे. परिषद लायब्ररीच्या काचेच्या सभागृहात आहे, विषय वन्यजीव संरक्षण. मी स्कॅनर घेऊन व्यासपीठावर उभं राहायचं आणि योग्य वेळी पिंग करून दाखवायचं असं ठरलं होतं. सर म्हणाले, "अशी संधी पुन्हा येणार नाही." मी म्हटलं, माझ्या आत्याचं लग्न आहे. सर म्हणाले, "आत्याचं?" मी म्हटलं, "हो, तीही संधी पुन्हा येणार नाही अशी आशा आहे."

मॅडमनी नुसतं "जा" म्हटलं. त्यांनी मला अजून पूर्ण माफ केलेलं नाही, पण स्कॅनर माझ्याकडून परत घेतलेला नाही.

सरांचं काम मी सोडलं. पक्ष्यांचं ठेवलंय आणि मॅडमचं ठेवलंय. दोन कामं आणि कॉलेज. दोन्हीकडे थांबायला वेळ मिळतो. काल तर वर्गात गेले. बाकावर माझी जागा होती, तिथे दुसरं कुणी बसतं आता.

बाबाशी बोलले. त्याने मला पाणमांजराबद्दल विचारलं, माशांबद्दल विचारलं, काचेबद्दल विचारलं. तुझ्याबद्दल विचारलं नाही. शेवटी म्हणाला, "तू जाणार आहेस का तिकडे?" मी म्हटलं, हो. म्हणाला, "थंडी आहे, स्वेटर घाल." हे मला होतं की तुला, ते मला समजलं नाही.

नऊला संध्याकाळी पोचते.

भिंगरी


२२ जानेवारी

भिंगरे,

तू सही करताना पेन दोनदा झटकलंस आणि रजिस्ट्रारच्या शर्टावर शाई उडाली, ते ड्रायव्हरसाहेब अजून येईल त्याला सांगतात. परिषदेबद्दलचं तुझं पत्र वाचलं. तुझ्याऐवजी सरांनी स्वतः पिंग करायला घेतलं आणि स्कॅनर चार्ज केलेला नव्हता, हे वाचून मी पोट धरून हसले. हसणं बरं नव्हे, पण डोळ्याला आता चालतं म्हणाले डॉक्टर.

आता एक सांगायचं आहे.

या रविवारी दुपारी दार वाजलं. तुझा बाबा. हातात हत्यारांची पेटी. आत आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "स्वयंपाकघरातला नळ गळतो असं तू मागे म्हणाली होतीस." मी असं कधी म्हटलं होतं मला आठवेना. नळ टपकत होता, पण कुठला नळ टपकत नाही? मी म्हटलं, "हो, फार गळतो."

ड्रायव्हरसाहेब भाजी चिरत होते. ते उठले, सुरी बाजूला ठेवली आणि ओट्याखालून बादली काढून नळाखाली धरली. दोघं दोन तास तिथे होते. मी बाहेर बसून ऐकत होते. "पाना द्या." "हा नव्हे, मोठा." "जरा धरा." "धरलंय." दुसरा एक शब्द नाही. मधे एकदा तुझा बाबा म्हणाला, "तुम्ही कुठल्या मार्गावर होता?" ह्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "ती गाडी नेहमी लेट असायची." हे म्हणाले, "वेळापत्रकच चुकीचं होतं." आणि भिंगरे, तुझा बाबा हसला. माझ्या नोकरीवर, माझ्याच स्वयंपाकघरात, दोघं मिळून हसले. मला आत जाऊन दोघांना सुनावायचं होतं. मी बसून राहिले.

चहा प्यायला. पूर्ण प्यायला. मग हात पुसत म्हणाला, नळाचा वायसर झिजलाय, इथे मिळणार नाही तसला, तो शोधून पुढच्या रविवारी घेऊन येतो.

तो वायसर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. ह्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. नळ आता पूर्वीपेक्षा जास्त गळतो, रात्रंदिवस बादली ठेवावी लागते.

आम्ही दोघांनीही तोंड उघडलेलं नाही. तूही उघडू नकोस.

आत्या